मस्टरवरची सून

मतदानाच्या आदल्या दिवशी हैदराबादला बिरादारांच्या घरी यादी वाचली जायची. ही रीत नामदेवरावांची. कुकटपल्लीचा कारखाना नव्हता, काचीगुड्याला भाड्याच्या खोलीत खोकी चिकटवायची दोन टेबलं तेवढी होती, तेव्हापासूनची. फोरमन गफूरभाईंनी कामगारांच्या हजेरीचं मस्टर हातात घेऊन एकेकाला विचारायचं, तुझं मत कुठं आहे? आणि दुपारी चारला चिक्कडपल्लीच्या घरी येऊन सेठना वाचून दाखवायचं. हा मौलालीला, ती मेदकजवळच्या खेड्यात, तो इथंच. ज्याचं गाव लांब त्याला त्याच संध्याकाळी मोकळं करायचं, दुसऱ्या दिवशी कारखान्याला कुलूप, आणि पगार पुरा. सरकारनं तसा कायदा केला तो शहाण्णव साली. नामदेवराव तो पंचवीस वर्षं आधीपासून पाळत होते, आणि हे बोलून दाखवायची संधी त्यांनी आजवर एकदाही सोडली नव्हती.

यंदा मात्र गफूरभाई यायच्या आधीच वाद पेटला होता. नव्व्याण्णवचा सप्टेंबर, लोकसभा आणि विधानसभा एकदमच आलेल्या, आणि नेमकी त्याच दिवशी परदेशी जाणाऱ्या औषधाच्या खोक्यांची गाडी भरायची होती.

"दादा, सुट्टी देऊ नका असं मी म्हणतच नाही," प्रकाशकाका म्हणाले. नामदेवरावांचा हा धाकटा भाऊ बोलताना नेहमी टीपॉयवर बोटानं रेघा ओढायचा. "पण पूर्ण दिवस कशाला? मत द्यायला माणसाला लागतो किती वेळ? रितेशनं बघा किती छान आखलंय."

नामदेवरावांच्या मुलानं, रितेशनं, खरंच आखलं होतं. निम्मी माणसं सात ते दहा, निम्मी दहा ते एक, न्यायला-आणायला कारखान्याचा टेम्पो. कागदावर रंगीत पेनानं चौकोन काढले होते. "अण्णा, अशी ऑर्डर आपल्याला पहिल्यांदाच मिळतेय," तो म्हणाला. "आता बाजार उघडलाय. उद्या गाडी रिकामी गेली ना, तर ते लोक परत आपल्या दारात उभे राहणार नाहीत. दुसरे दहा जण टपलेत."

"टपू देत," नामदेवराव म्हणाले.

निशिगंधा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सोळा महिन्यांपूर्वी रितेशशी लग्न होऊन ती या घरात आली होती. नवरा काय म्हणतो, काका काय म्हणतात, यातलं एकही अक्षर तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. तिला फक्त एवढंच कळत होतं की आता पाच-दहा मिनिटांत गफूरभाई येतील, यादी वाचतील, आणि सत्ताविसाव्या नावाला या खोलीत वीज पडेल.

कारण सत्ताविसावं नाव तिचं होतं.

ही करणी प्रकाशकाकांचीच. सून कॉम्प्युटर शिकलेली, खोक्यांची डिझाइनं तीच करते, मग तिला नुसती घरची म्हणून कशाला ठेवायची, पगारावर दाखवू, करात थोडं बरं पडेल, असं म्हणून त्यांनी तिचं नाव मस्टरवर चढवलं होतं. महिन्याच्या महिन्याला ती सगळ्या कामगारांच्या खालच्या ओळीत सही करायची. बिरादारांची सून कागदोपत्री कारखान्याची कामगार झाली होती, आणि त्याचं पुढं काय होईल याचा विचार त्या हुशार गृहस्थांनी केला नव्हता.

आणि तिचं मत अजून तारनाक्यालाच होतं. माहेरी!

लग्न झालं की मुलीचं नाव सासरच्या यादीत आणायचं असतं. प्रकाशकाकांनी फॉर्म भरलाही होता. त्यात जुन्या यादीतला अनुक्रमांक हवा होता, म्हणजे कुणीतरी तारनाक्याला फोन करून तिच्या वडिलांना, एकनाथरावांना, विचारायला हवं होतं. नामदेवराव म्हणाले, मी त्या माणसाला फोन करणार नाही. एकनाथराव म्हणे त्यांच्या घरी म्हणाले, हवा असेल तर मागायला येतील. झालं. फॉर्म वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून राहिला. एका आकड्यासाठी दोन म्हातारे अडून बसले, आणि त्यांना कोण सांगणार?

भांडणाचं मूळही धड सांगण्यासारखं नव्हतं. एकनाथराव रेल्वेतले, जन्म युनियनमध्ये गेलेला माणूस. लेकीच्या लग्नाच्या पंगतीत व्याह्यांच्या शेजारी बसले आणि बोलता बोलता म्हणून गेले, "तुम्हा छोट्या कारखानदारांचं काय सांगावं? मतदानाच्या दिवशीसुद्धा माणसं सोडत नाही तुम्ही." दुसरं काहीही बोलले असते तरी नामदेवरावांनी हसून सोडलं असतं. पण हे? ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस पंचवीस वर्षं छाती पुढं काढून चालत होता, तीच भर पंगतीत, बोलावलेल्या कामगारांसमोर! नामदेवराव भरल्या ताटावरून उठले. मुलाच्या लग्नात वरबाप ताटावरून उठला. हात धुता धुता त्यांनी शपथ घेतली की त्या घराची पायरी माझ्या घरातलं कुणी चढणार नाही.

तेव्हापासून निशिगंधा माहेरी गेली नव्हती. पहिली दिवाळी गेली, पहिली संक्रांत गेली. जूनमध्ये एकनाथरावांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा सासूबाईंनी, भामाबाईंनी, तिला हॉस्पिटलात नेलं. "हॉस्पिटल म्हणजे काही त्यांचं घर नव्हे," असं त्यांनी नवऱ्याला तोंडावर सांगितलं. पण वडील घरी गेले आणि दार पुन्हा बंद झालं. तीन महिने. फोनवर ते बोलायचे ते तिला नीट कळायचं नाही. अर्धे शब्द तोंडातच विरायचे. ती इकडून नुसती हो बाबा, हो बाबा करत राहायची आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची.

दुपारी गफूरभाईंनी मस्टर पुढं धरून विचारलं होतं, "बेटी, आपका वोट कहाँ है?" तिला म्हणता आलं असतं, माझं राहू द्या. जीभ अगदी तिथपर्यंत आली होती. पण ती म्हणाली, "तारनाका." गफूरभाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि लिहून घेतलं.

आता ते आले. चपला बाहेर काढून, टोपी सारखी करून नेहमीच्या स्टुलावर बसले. रितेशचा रंगीत कागद त्यांनी लांबूनच बघितला.

"पढो," नामदेवराव म्हणाले.

"दादा, आधी ठरू तर द्या सुट्टी कशी द्यायची ते!"

"आधी यादी. माणसं कुठं जायची आहेत ते कळल्याशिवाय काय ठरवणार तू?"

गफूरभाई वाचू लागले. पहिल्या पाच-सहा नावांतच रितेशचे चौकोन मोडले. खोकी चिकटवणाऱ्या यादम्माचं मत मेदककडं. तिच्या जावेचं तिच्याच शेजारच्या गावात. मशीनवरचे दोघे भाऊ महबूबनगरचे. कुकटपल्लीच्या यादीत सत्तावीसपैकी जेमतेम नऊ.

"पण हे सगळे राहतात इथं!" रितेश म्हणाला. "मला वाटलं..."

"राहतात इथं. नाव गावाला," नामदेवराव म्हणाले. "तुझा टेम्पो मेदकला जाऊन तीन तासांत येतो का? विचार त्याला."

मीनाकाकू फिस्सकन हसल्या आणि नवऱ्यानं, प्रकाशकाकांनी, बघितल्यावर पदर तोंडाला लावला. निशिगंधा हसली नाही. तिचे कान गफूरभाईंच्या आवाजावर होते. चोवीस. पंचवीस. सव्वीस.

"सत्ताईस," गफूरभाई म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरासा खाली आला. "निशिगंधा बिरादार. तारनाका."

आपण हे काय करून बसलो, असं निशिगंधाला वाटलं, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की बरं झालं, एकदाचं म्हणून तर टाकलं.

"हे नाव कुणी सांगितलं वाचायला?" नामदेवरावांनी विचारलं.

"मैं तो सबकू पूछा सेठ. मस्टर में नाम है सो पूछा." गफूरभाईंनी मस्टर उघडून समोर धरलं. "देखो. दस्तखत बी है."

नामदेवरावांनी चष्मा लावून ती सही नीट बघितली. मग प्रकाशकाकांकडं बघितलं.

"दादा, ते करासाठी..." प्रकाशकाका चाचरले, पण सावरायला त्यांना कितीसा वेळ लागणार! "आणि मी काय म्हणतो, हिचा प्रश्नच उठत नाही. घरचं माणूस आहे. उद्या सगळ्यांनाच पूर्ण सुट्टी दिली नाही, तर हिलाही द्यायला नको. इथल्या नऊ जणांना तीन तास सोडू, बाकीच्यांना डबल रोजी देऊन ठेवून घेऊ. गाडीही भरेल आणि तारनाक्याचंही निघणार नाही."

बघा कसा माणूस! एका दगडाचे दोन्ही पक्षी त्यांनी झाडावरून उतरवून थेट दादांच्या हातावर आणून ठेवले होते. आणि नामदेवरावांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. त्यांचा पेच निशिगंधाला दिसला. शपथ वाचवायची तर सुट्टी मोडायची, सुट्टी वाचवायची तर शपथ. ती सासऱ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिच्या मनात आलं, संपलं. आता हे काकांचं ऐकणार.

"एका मतानं काय होतंय बाई," मीनाकाकू कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाल्या. "मी तर गेल्या वेळी गेलेच नव्हते."

"तू गेली नाहीस ते तुझं," भामाबाई आतून येत म्हणाल्या. त्यांच्या हाताला ज्वारीचं पीठ होतं. "तिला जायचंय का ते तिला विचारा की कुणीतरी. जायचंय का गं तुला?"

"हो आत्या," निशिगंधा म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. "मला मत द्यायचंय."

मत द्यायचंय! खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं की तिला काय करायचंय. पण मत द्यायचंय म्हणणाऱ्या माणसाला नको म्हणण्याची सोय नामदेवरावांनी स्वतःच पंचवीस वर्षांत या घरात ठेवली नव्हती.

तेवढ्यात रितेशनं तो रंगीत कागद टीपॉयवरून उचलला आणि त्याची चार घड्या घालून खिशात टाकला. "अण्णा, पूर्ण सुट्टी द्या," तो म्हणाला. "सगळ्यांना."

"अरे!" प्रकाशकाका उठूनच उभे राहिले. "आत्ता तर तूच म्हणत होतास! ऑर्डरचं काय?"

"मी बघतो काका. कंपनीच्या हातापाया पडेन. एक दिवस मागून घेईन."

लग्नानंतर निशिगंधाला नवऱ्याचा राग पुष्कळदा आला होता. दोन्ही बाजूंना हो हो म्हणणारा माणूस, असं तिनं त्याला मनातल्या मनात कितीदा म्हटलं होतं. आज त्याच्या कपाळावर घाम होता, तो बापाकडं बघत होता, तिच्याकडं बघायचं धाडसही त्याला होत नव्हतं, आणि तिला तो फार आवडला.

"परेशान नक्को हो, छोटे सेठ," गफूरभाई मस्टर मिटत म्हणाले. "कंपनी का बी तो कल बंद है ना. उनकी गाडी कैसे आती? डरैवर लोगां बी वोट कू जारे."

कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. खोकी बनवणारे सुट्टी द्यावी का यावर दोन तास भांडत होते, आणि खोकी घेणाऱ्यांच्या गेटवर कायद्यानं केव्हाच कुलूप ठरलेलं! रितेशनं पळत जाऊन फोन फिरवला. दोन मिनिटं हो, हो, बरं, बरं केलं. "गाडी परवा सकाळी येतेय," तो तिकडूनच ओरडला. "ते म्हणतात, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीतच असेल."

प्रकाशकाका खाली बसले आणि त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. भामाबाई पदराआड हसल्या. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला, एक निशिगंधा सोडून.

नामदेवराव उठले. "गफूर, फोन लगाव. यादम्माला आत्ताच निघायला सांग. कारखाना बंद." दारापाशी ते थांबले, मागं न वळता म्हणाले, "तारनाक्याला मी नेणार. शाळेत जायचं, मत द्यायचं, परत यायचं. घरी जायचं नाही."

सकाळी सातला नामदेवरावांनी चिक्कडपल्लीला पहिल्या पाचांत मत देऊन टाकलं, आणि साडेआठला मारुती बाहेर काढली. भामाबाईंनी निशिगंधाच्या हातात डबा दिला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी.

"अहो आत्या, पण घरी जायचं नाही म्हणालेत," निशिगंधा कुजबुजली.

"तू जायचं नाहीस. डबा जायचा नाही असं कुठं म्हणालेत?" भामाबाईंनी तिच्या गालाला हात लावला. "अलकाताईंना रात्रीच फोन केलाय मी. नऊ वाजता शाळेत येतील. आईला बघून तर घेशील. जा."

रस्ते मोकळे होते. विद्यानगर गेलं, अडिकमेट गेलं, विद्यापीठाची झाडं सुरू झाली. निशिगंधा डबा मांडीवर धरून बसली होती. आई भेटेल. बाबा भेटणार नाहीत. बाबांना तीन पायऱ्या उतरणं होत नाही, शाळा कुठली होते! त्यांच्या घरापासून शाळा चार घरं. चार घरांवर बाबा असणार आणि आपण शाई लावून परत गाडीत बसायचं. या विचारासरशी ती खिडकीबाहेर बघायला लागली.

अलकाबाई फाटकातच उभ्या होत्या. लेकीला बघून त्यांनी तिला नुसतं जवळ ओढलं. मग व्याह्यांना दिसेल म्हणून सोडलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वाळलीस गं."

"बाबा कसे आहेत?"

"विचारतेस काय? ते बघ!"

पुरुषांच्या रांगेत, शाळेच्या व्हरांड्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एकनाथराव बसले होते. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, डाव्या हातात काठी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. शेजारच्या हिम्मतरावांनी आणि त्यांच्या भावानं खुर्चीसकट उचलून आणलं होतं. "तू येणार म्हटल्यावर ऐकेनात," अलकाबाई म्हणाल्या. "म्हणे, मीही मतदार आहे, मलाही कुणी अडवू शकत नाही." निशिगंधानं हात हलवला. एकनाथरावांचं तोंड एका बाजूनं हसलं. एकाच बाजूनं. तिला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

नामदेवराव फाटकाबाहेर गाडीला टेकून उभे होते. त्यांचं मत इथं नव्हतं, त्यांना आत यायचं काही कारण नव्हतं.

बायकांची आणि पुरुषांची रांग एकाच खोलीच्या दाराशी येऊन मिळत होती. मायलेकी दारापर्यंत पोचल्या तेव्हा एकनाथरावांचा नंबर आला. आतला अधिकारी उठून बाहेर आला. तेलुगू माणूस, पण हिंदी स्वच्छ. हात चालत नाही हे त्यानं बघितलं. "बाबा, आप अकेले नहीं कर पाएँगे. एक आदमी साथ ले सकते हैं. कौन आएगा?"

"आ गया मैं," हिम्मतराव पुढं झाले.

"नाही," एकनाथराव म्हणाले. शब्द जड होते, पण कळत होते. "हा नको. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगेल, मी कुणाला दिलं ते."

रांग हसली. हिम्मतरावही हसले, काय करतील!

"मी येते बाबा," निशिगंधा म्हणाली.

"नाही पोरी. चाळीस वर्षांत तुझ्या आईला सांगितलं नाही, तुला सांगू?" ते थांबले, दम घेतला. काठी उचलून त्यांनी फाटकाकडं दाखवली. "त्यांना बोलवा."

"कुणाला?"

"माझे व्याही आहेत ते. त्यांना बोलवा. सोळा महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. एवढं तोंड बंद ठेवणारा माणूस हैदराबादेत दुसरा नाही."

निशिगंधा फाटकापर्यंत कशी गेली ते तिला नंतर आठवलं नाही. बहुतेक पळाली. "अण्णा," ती म्हणाली, "बाबा बोलावतायत. मत द्यायला सोबत माणूस लागतो. त्यांना दुसरं कुणी नको."

"मला?" नामदेवराव म्हणाले.

"तुम्हालाच. म्हणाले, माझे व्याही."

नामदेवरावांनी गाडीच्या टपावर ठेवलेला हात काढला. तिला वाटलं, आता हे नाही म्हणणार, गाडीत बसणार. त्यांनी शर्टाची वर केलेली बाही खाली ओढून बटण लावलं आणि चालायला लागले.

अधिकाऱ्यानं त्यांच्यापुढं कागद ठेवला. यांचं मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यायचं होतं. नामदेवरावांनी तो दोनदा वाचला, सही केली. मग एकनाथरावांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. दोघंही सारखेच हट्टी, सारखेच म्हातारे, एकमेकांकडं न बघता पाऊल पाऊल पडद्यामागं गेले. निशिगंधाला फक्त त्यांचे पाय दिसत होते. तिनं आईचा हात घट्ट धरला. आतून एकनाथराव काहीतरी पुटपुटले. नामदेवराव म्हणाले, "नक्की ना? हेच?" मग दुसऱ्या मतासाठी पुन्हा तेच.

बाहेर आले तेव्हा नामदेवरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. व्याह्यांनी ज्याला मत दिलं होतं त्याला नामदेवराव जन्मात देणार नाहीत, एवढं त्या तोंडावरून कळत होतं. आणि त्यांच्याच हातानं ते द्यावं लागलं होतं. पण ते एक अक्षर बोलले नाहीत.

निशिगंधानं मत दिलं, शाई लावून घेतली. बाहेर येऊन बघते तर हिम्मतराव आणि त्यांचा भाऊ आता स्वतःच्या रांगेत अडकलेले, खुर्ची रिकामी, आणि नामदेवराव एकनाथरावांना धरून फाटकाबाहेर पडलेलेही! उन्हात किती वेळ बसवायचं आजारी माणसाला, असं काहीतरी ते अलकाबाईंवर खेकसत होते. चार घरं चालायला त्यांना दहा मिनिटं लागली. निशिगंधा डबा घेऊन मागून चालली होती. तिला पुढं जायचं धाडस होत नव्हतं.

घर आलं. तीन पायऱ्या. नामदेवराव खाली थांबले.

एकनाथरावही थांबले. त्यांना ओढून नेता आलं नसतं आणि त्यांनी बोलावलंही नाही. त्यांनी फक्त काठी पहिल्या पायरीवर टेकली, आणि पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलला जाईना. पुन्हा केला. तोल गेला तसे नामदेवराव म्हणाले, "अहो, थांबा की! एवढी काय घाई?" आणि त्यांना कमरेला धरून एक पायरी चढले. मग दुसरी. तिसरी चढताना त्यांना धाप लागली होती.

पुढच्या खोलीत व्याह्यांना पलंगावर टेकवून झाल्यावर ते वळले. निशिगंधा अजून रस्त्यावर उभी होती.

"तू काय उन्हात उभी?" ते म्हणाले. "ये आत."

अलकाबाईंनी चहा टाकला. निशिगंधा ओट्याला टेकून उभी राहिली. पुढच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. मग एकनाथरावांचा जड आवाज आला.

"आज कारखाना?"

"बंद."

"पगार?"

"पुरा. पहिल्यापासून पुरा."

मग एकनाथराव बोलले, एकेक शब्द शोधून काढल्यासारखे. "पंगतीत... मी विचारायला पाहिजे होतं आधी. न विचारता बोललो. चुकलं."

दूध वर आलं, अलकाबाईंनी गॅस बंद केला, पण चहा गाळायला त्या हलल्या नाहीत.

"विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," नामदेवराव म्हणाले. खाकरले. "मीही ताटावरून उठायला नको होतं. भात चांगला झाला होता, असं नंतर सगळे म्हणाले."

आतून एक विचित्र आवाज आला. निशिगंधा घाबरून दारात धावली. बाबा हसत होते. अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि नामदेवराव त्यांचं डोकं कलू नये म्हणून मागं उशी सारत होते.

चहा झाला. धपाटेही संपले, त्यातले तीन नामदेवरावांनी खाल्ले. जाताना ते चपला घालत म्हणाले, "निशिगंधा, तू चार दिवस राहा. मी रितेशला सांगतो."

"अण्णा, उद्या गाडी आहे. मस्टरवर..."

"रजा लिहीन मी. माझा कारखाना आहे."

ते पायऱ्या उतरून गेले. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती दारात उभी होती. मग आत आली आणि स्वयंपाकघरात आईच्या पायांशी फरशीवर बसकण मारून मोठ्यानं रडायला लागली. नळ न सोडता.

"अगं, काय झालं?" अलकाबाई घाबरल्या.

पुढच्या खोलीतून बाबांनी हाक मारली, "निशा?" आणि या वेळी तिला तो शब्द अगदी नीट कळला.

"आले बाबा," ती म्हणाली, आणि डोळे न पुसताच उठली.